हूविनतोट, शंभर टक्के

१

हूविनतोट वॉर्डातल्या शिंप्याचं दोन वर्षांचं पोर बुधवारी देवी येऊन गेलं. शेजारच्या घरात आणखी एक अंथरुणावर होतं. आणि गुरुवारी सकाळी आमच्या डॉक्टरांनी कुणाची नोकरी घालवायची ते ठरवूनही टाकलं. लस मागवली तर पंधरवडा लागतो हो, पण दोष वाटायला आमच्या ऑफिसाला एक रात्रसुद्धा पुरे होते!

मी वसुमती. हेल्थ व्हिजिटर. बाळंतिणींची घरं फिरून चपला झिजवणं हा माझा धंदा. त्या दिवशी मी जिना चढून वर आले तर डॉक्टर विद्याधर टेबलावर दोन मासिक तक्ते पसरून बसलेले. पुण्याचा माणूस. हुशार, स्वच्छ, इस्त्रीचा. बेंगळुरात येऊन दीड वर्ष झालं तरी ऑफिस, क्लब आणि बंगला सोडून चौथी जागा बघितलेली नाही.

"वसुमतीबाई, हे बघा," ते म्हणाले. "हूविनतोटात महिन्याला शंभर मुलं जन्मतात, शंभरांना देवी टोचल्यात. वर्षभर असंच. आता चामराजपेट बघा. जन्म शंभर आणि टोचलेली दीडशे! जन्मलीच नाहीत ती पन्नास मुलं आणली कुठून हिनं?"

"हिनं म्हणजे?"

"तुमच्या अनुसूयाबाईंनी. लस गटारात ओततात आणि आकडे मनानं लिहितात. चामराजपेटेत मुलं तशीच राहिली, रोग तिथं वाढला आणि शेजारच्या वॉर्डात शिरला. शनिवारी दुपारी त्यांना काढल्याच्या ऑर्डरवर मी सही करणार. टोचायचं लॅन्सेट आजच काढून घेतलंय."

"पण पोर मेलं हूविनतोटात ना?"

"तो वॉर्ड शंभर टक्के आहे, बाई!"

याला काय म्हणावं? ज्या घरात चोरी झाली ते घर कुलूपबंद होतं असं कागद म्हणतो, म्हणून शेजारणीला धरा. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! माझं तोंड सुटलंच. मी म्हटलं, मला शनिवार दुपारपर्यंत वेळ द्या, चौकशी करते, आणि तोवर सही केलीत तर माझाही राजीनामा टेबलावर येईल. डॉक्टरांनी खांदे उडवले. करा म्हणाले.

अनुसूया खाली व्हरांड्यात बसली होती. नवरा गेल्यापासून दोन पोरी आणि सासू तिच्या एकटीच्या पगारावर. नोकरी गेली तर मोठीची शाळा पहिली सुटणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"ती पन्नास मुलं कुठली गं?" मी विचारलं.

"मी टोचलेली आहेत, अक्का. एकूणएक."

"अगं पण कुठली?"

तिनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. "ते मी सांगणार नाही."

२

आता मला सांगा, असल्या बाईला वाचवायचं कसं? बुडणाऱ्याला हात द्यावा तर त्यानं हात खिशात घालून बसावं! मी तिच्यावर ओरडले, तिच्या पोरींची शपथ घातली, शेवटी हात जोडले. इल्ला. नाही म्हणजे नाही.

मग मी तक्ते लिहिणाऱ्याकडं वळले. जयतीर्थराव आमचे आकडेवारीचे कारकून. माझ्यासारखेच जुन्या घराण्यातले, शहाजीराजांबरोबर आलो असं सांगणाऱ्यांपैकी. कपाळावर अंगारा-अक्षता, टेबलामागं भिंतीला पंचांग, अक्षर मोत्यासारखं. दोन्ही वॉर्डांचे टोचणारे रोज संध्याकाळी त्यांच्याकडं चिठ्ठी देतात, आज इतकी टोचली म्हणून. हे ती तक्त्यात दिवसवार उतरवतात आणि महिना संपला की चिठ्ठ्या बंबात घालतात. म्हणजे तपासायला चिठ्ठी एक शिल्लक नाही. छान कारभार!

देवाप्पा शिपायानं आम्हा दोघांसमोर कॉफी ठेवली. जयतीर्थरावांनी पेला माझ्याकडं सरकवला.

"आज एकादशी, अक्का. पाणीसुद्धा नाही."

"अण्णा, अनुसूयेच्या चिठ्ठ्यांवर खरंच इतके आकडे असायचे?"

"असायचे की. माझ्याकडून काट्याचा फरक नाही. जे आलं ते लिहिलं."

"आणि हंबीररावांच्या?" हंबीरराव हे हूविनतोटचे टोचणारे.

जयतीर्थरावांनी टाक पुसला. बराच वेळ पुसला. "ते चोख गृहस्थ आहेत. मागच्या वर्षी शाल नाही का मिळाली त्यांना? अक्का, खरं सांगू, डॉक्टरसाहेबांना कमी आकडा चालत नाही. नव्वद टक्क्यांचा तक्ता तोंडावर परत येतो. पुन्हा नीट करून आणा म्हणतात. चामराजपेटेचा कधी परत आला नाही, जास्तच असायचा. जास्त आहे म्हणून आजवर कुणी ओरडलं नव्हतं हो."

"आणि हूविनतोटचा परत यायचा?"

"आधी यायचा. हल्ली नाही."

"का?"

"हंबीररावांनी मनावर घेतलं असेल," ते म्हणाले आणि पुढच्या कागदाकडं वळले.

मनावर घेतलं! त्या माणसानं आयुष्यात जेवण सोडून काही मनावर घेतल्याचं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, सापडला चोर. हाच घरी बसून आकडे पाडतो आणि शाली पांघरतो.

३

शुक्रवारी सकाळी दहाला मी हंबीररावांच्या दारात उभी. कामाची वेळ. आणि हे महाराज ओसरीवर त्याच शालीत घोरत पडलेले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हंबीरराव! सरकार पगार झोपण्याचा देतं काय?"

ते धडपडून उठले. "अक्का? आज तुम्ही? अहो, आज शुक्रवार!"

"मग?"

"मग म्हणजे? मंगळवार-शुक्रवार देवीचा वार. त्या दिवशी कुठली आई पोराच्या अंगाला सुई लावून देईल? पहिल्या वर्षी गेलो होतो एकदा, मंगळवारी. म्हातारीनं केरसुणी घेऊन रस्त्यापर्यंत पाठलाग केला माझा. तेव्हापासून दोन दिवस घरी, चार दिवस फिरती. अनुसूयाबाई पण तेच करतात. विचारा हवं तर."

विचारायचं कशाला? मला काय ठाऊक नव्हतं? शुक्रवारी मी स्वतः बाळंतिणीच्या घरी टोचण्याचं नावसुद्धा काढत नाही.

"बरं, उरलेल्या चार दिवसांत किती टोचता?"

"दोन. एखाद्या दिवशी तीन. कधी भोपळा."

"आणि चिठ्ठीवर?"

"तेच लिहितो. दोन तर दोन." त्यांनी कान पकडले. "तुळजाभवानीची आण, अक्का. पोरं असतात, पण बाया मला दारात उभं करत नाहीत. म्हणतात, अनुसूयाबाईचा हातगुण चांगला. तिनं टोचलं की ताप कमी येतो, लस हमखास उठते. बहुतेकींचं माहेर चामराजपेटेतच. माहेरी गेल्या की तिच्याकडून टोचून आणतात. घरी असतील त्यांतल्या काही जणी मुद्दाम जातात. उरलेल्या तशाच राहतात."

आता उजेड पडला. ती पन्नास मुलं हूविनतोटची! आणि वॉर्डाबाहेरच्या मुलाला टोचायचं नाही असा नियम आहे, म्हणून अनुसूया मुलाच्या आजोळचा पत्ता लिहायची आणि म्हणून गप्प बसली होती. बोलली असती तर नियम मोडला म्हणून गेलीच असती. आगीतून फुफाट्यात.

"तुम्ही महिन्याला तीसेक टोचता, आणि शंभर टक्के म्हणून शाल घेताना लाज नाही वाटली?"

"वाटली थोडी," हंबीरराव म्हणाले. "पण मला वाटलं, वय बघून दिली असेल. विचारलं असतं तर परत घेतली असती हो!"

कपाळ माझं! मी तशीच तडक हूविनतोटात गेले. माणसाच्या जिभेवर विश्वास ठेवायचा नसतो, दंडावर ठेवावा. घरोघर पोरांच्या बाह्या वर करून बघितल्या. अनुसूया दोन व्रण आडवे, शेजारी शेजारी, अगदी वर देते. पोरगी मोठी झाली की ते पोलक्याच्या बाहीखाली जावेत म्हणून. हंबीररावांचे दोन एकाखाली एक, दंडाच्या मध्यावर, शिपाई उभे केल्यासारखे. आडवे पुष्कळ दिसले. उभे थोडे. आणि कोरे दंड? कोरे इतके दिसले की मी मोजणं सोडलं. शिंप्याच्या घराला लागून पुढच्या गल्लीत तर ओळीनं कोरेच.

एका घरी एक हसरी मुलगी आठ महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन आली. बाळ गुटगुटीत, दंड कोरा.

"टोचलं नाही गं अजून?"

"घाई काय, अक्का? आमचा वॉर्ड कधीच पुरा झालाय. ऑफिसातलंच माणूस सांगतं. देवी इकडं येऊच शकत नाही म्हणे."

"चौथ्या घरातलं पोर परवा गेलं, बाई!"

"ते बाहेरून आणलं असेल त्यांनी," आतून तिची सासू म्हणाली. "आणि आज शुक्रवारी हा विषय माझ्या दारात नको. सरी? कळलं ना?"

मी तिला तिचं नाव विचारलं, माहेर विचारलं. तिनं सांगितलं, आणि मी तिथून सरळ ऑफिस गाठलं.

४

शनिवारी बाराला डॉक्टरांच्या खोलीत आम्ही सगळे. डॉक्टर, जयतीर्थराव, हंबीरराव. अनुसूया दाराबाहेर, सहीनंतर तिला कागद द्यायचा म्हणून बोलावलेली. तिला काढल्याची ऑर्डर जयतीर्थरावांनीच टाइप केलेली आणि ती टेबलावर पेपरवेटखाली तयार.

मी वर्षभराचे हूविनतोटचे तक्ते मागवून घेतले आणि डॉक्टरांच्या समोर आडवे लावले.

"डॉक्टरसाहेब, शनिवारी काय लिहिलंय?"

"पाच."

"सोमवार?"

"चार. रोज चार-पाच आहेत. रेग्युलर काम आहे. हेच तर मी म्हणतो."

"मंगळवार?"

"पाच."

"शुक्रवार?"

"चार. बाई, तुम्हाला म्हणायचंय काय?"

"हंबीरराव, तुम्ही मंगळवारी-शुक्रवारी किती टोचता?"

"एकही नाही, साहेब. त्या दिवशी हूविनतोटात पोराला सुई दाखवली तर माणूस परत येणार नाही."

मी डॉक्टरांना देवीचे वार समजावून सांगितले. त्यांना पटेना. दीड वर्ष या खुर्चीत बसून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्या की असंच होणार.

"म्हणजे हे हंबीररावांनी खोटं लिहिलं," ते म्हणाले.

"हंबीररावांना खोटं लिहायचं असतं, तर मंगळवार-शुक्रवार त्यांनी कोरे सोडले असते. तो नेम त्यांच्या हाडात आहे. केरसुणी खाल्लेला माणूस तो वार विसरत नाही. अनुसूयाही नाही. टोचायला जो कधी दारोदार फिरला, त्यानं हे लिहिलेलं नाही. हे खुर्चीत बसून लिहिलेलं आहे."

खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एकीवर डॉक्टर, दुसरीवर जयतीर्थराव. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला.

"तुम्ही माझ्यावर आरोप करताय?"

"काल रात्रीपर्यंत तुमच्यावरच होता, खरं सांगते. शंभराचा हव्यास तुमचाच. पण हे बघा." मी बोट ठेवलं. "इथं एक. इथं शून्य. इथं दोन. चार-पाचांच्या रांगेत मधेच हे खड्डे कसले? महिन्यातून दोनदा, दर महिन्यात. वार वेगळा, तारीख वेगळी. रविवार नाही, सुटी नाही. काल रात्री मी हेच तक्ते घेऊन डोकं धरून बसले होते. मग जयतीर्थराव, तुमच्या भिंतीवरचं पंचांग काढून मांडीवर घेतलं."

जयतीर्थरावांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"सगळ्या एकादश्या आहेत," मी म्हटलं. "डॉक्टरसाहेबांना एकादशी कशाशी खातात तेही माहीत नाही. हंबीरराव एकादशीला मटण खातात."

"कधीतरी," हंबीरराव म्हणाले.

"अण्णा, रोज आकडा वाढवायचा आणि एकादशीला चिठ्ठीवरचा आहे तसा उतरवायचा. हे असं का हो?"

मग जयतीर्थरावांनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

"एकादशीला खोटं लिहायचं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "एवढं पथ्य मी पाळलं."

अय्यो रामा! मला रडावं की हसावं कळेना. पंधरवड्यातून एक दिवस खरं बोलून बाकीचे दिवस देवाला फसवायला निघालेला हा मनुष्य! मी इतकी चिडले की माझा आवाज खालच्या व्हरांड्यात गेला असणार.

"पथ्य? पोर मेलं, जयतीर्थराव!"

"ऐका तर, अक्का. तक्ता परत यायचा. चार वेळा परत आला. चौथ्यांदा साहेब म्हणाले, तुम्हाला जमत नसेल तर दुसरा कारकून बघतो. मला वाटलं, हूविनतोटची मुलं चामराजपेटेत टोचून घेतातच. मला ठाऊक होतं ते, बायका बोलतात घरी. अनुसूयाबाईंच्या तक्त्यात जास्त, इथं कमी. एकूण बेरीज जमतेच की! मग मी इथला खड्डा बुजवला. यात कुणाचं काय बिघडलं असं तेव्हा..."

"अनुसूयेनं पन्नास टोचली. खड्डा सत्तरांचा होता. उरलेल्या वीस पोरांचं काय? दर महिन्याला वीस, वर्षभर?"

त्यांनी मान खाली घातली. डॉक्टर खिडकीकडं बघत होते. त्यांना मी सोडणार नव्हते. "आणि साहेब, तुम्ही वर्षभर या वॉर्डाकडं फिरकला नाहीत, कारण कागद म्हणत होता सगळं झालंय. जो आकडा विचित्र दिसला, तो खरा होता. जो गुळगुळीत होता, तो खोटा. तुम्ही विचित्र दिसली म्हणून खऱ्या बाईला काढायला निघालात!"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

"अण्णा," मी जयतीर्थरावांना म्हटलं. आता मला ओरडवेना. "काल मी हूविनतोटात शिंप्याच्या पुढच्या गल्लीत गेले होते. तुमच्या कावेरीच्या घरी."

त्यांनी वर बघितलं.

"बाळाला टोचलंय का तिच्या?"

"टोचलं असेल," ते म्हणाले. "तो वॉर्ड शंभर..."

आणि ते तिथंच थांबले. तोंड उघडं, हात तक्त्यावर. स्वतःच लिहिलेलं स्वतः खरं मानून हा माणूस मुलीला सांगून आला होता की काळजी करू नकोस, तुमचा वॉर्ड पुरा झालाय. त्या वीसांतलं एक त्यांचा नातू होता.

५

जयतीर्थराव उठले ते दारात गेले. अनुसूया बाहेर भिंतीला टेकून उभी होती. सगळं ऐकलेलं तिच्या तोंडावर दिसत होतं. ते तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले.

"बाळाला टोचायला हंबीररावांना पाठवू आपण," डॉक्टर मागून म्हणाले. "अनुसूयाबाईंना कामावरून दूर केलंय. त्यांना लॅन्सेट देता येणार नाही. नियमच आहे."

"मी जातो की," हंबीरराव म्हणाले, "पण ती सासू मला पायरी चढू द्यायची नाही, साहेब."

जयतीर्थराव वळले. त्या माणसाला मोठ्यानं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. "साहेब, तो कागद फाडा. आणि गेल्या वर्षाचा तक्ता मी परत लिहितो. खरा आकडा लिहितो. वर विचारलं तर माझं नाव सांगा, मला काढा. पण हिला आत्ता जाऊ द्या!"

"खरा आकडा वर गेला तर काय होईल कळतंय का तुम्हाला?"

"त्या गल्लीत लस जाईल," मी म्हटलं. "दुसरं काय होणार?"

डॉक्टर टेबलापाशी आले. वाईट माणूस नव्हता हो तो, नुसता कागदाचा माणूस होता. त्यांनी पेपरवेट उचललं, ऑर्डर काढली आणि दोन तुकडे केले. मग खिशातून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

अनुसूयेनं वाट बघितली नाही. किल्ली उचलून कपाट उघडलं, बर्फाच्या थर्मासमधली लस बघितली, लॅन्सेटची डबी पिशवीत टाकली. जयतीर्थराव कोरा कागद टाइपरायटरला लावत होते, तिला कामावर परत घेतल्याचा.

"ते नंतर, अण्णा," ती म्हणाली. "बाळाला ताप आहे का, एवढं आधी सांगा."

जयतीर्थराव माझ्याकडं बघायला लागले. काल नव्हता, मी म्हटलं, आजचं कुणी बघितलंय? वर्षभर अख्ख्या वॉर्डाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला एका घरचं उत्तर देता येईना. कागद तसाच यंत्रात अडकलेला सोडून ते अनवाणीच तिच्यामागून जिना उतरायला लागले.